कागदीपुऱ्याचे देणे

कसबा पेठ ही पुण्याची सर्वांत जुनी वस्ती. तिच्या आळ्यांची नावे नुसती वाचत गेले तरी जुन्या शहराच्या गरजांची यादी हाती येते. तांबट आळीत भांडी घडली, कुंभार वेशीपाशी मडकी भाजली गेली आणि कागदीपुऱ्यात कागद तयार झाला. तांबट आळीतून हातोड्याचा ठोका आजही कानी पडतो. कागदीपुऱ्यात मात्र आता कागद होत नाही. व्यवसाय गेला आणि त्याचे नाव तेवढे पाटीवर उरले. काळाच्या ओघात अनेक धंदे बुडाले, त्यांतलाच हा एक, असे म्हणून हा विषय सोडून देता आला असता. परंतु त्या कागदावर आणि त्याच्या मागून आलेल्या गिरणीच्या कागदावर जे लिहिले गेले, रंगवले गेले आणि छापले गेले, ते अजून या शहरात आहे. दफ्तरखान्यांत आहे, संशोधन संस्थांच्या कपाटांत आहे आणि जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर, ट्रंकांत व चौकटींतही आहे. ते टिकवायचे कसे, हा प्रश्न जिवंत आहे आणि त्याच्या उत्तराचा बराचसा भाग कागदीपुऱ्याच्या जुन्या विद्येतच दडलेला आहे.

जुना कागद का टिकला?

महाराष्ट्रात हातकागदाची जुनी केंद्रे म्हणजे जुन्नर आणि दौलताबादजवळचा कागजीपुरा. पेशवाईत पुण्याच्या दफ्तराचा पसारा वाढला, कागदाची मागणी वाढली आणि जुन्नरकडील कागदी कारागिरांनी कसब्यात वस्ती केली. त्यांचा कच्चा माल अगदी साधा असे. ताग व अंबाडीसारख्या वाखाची जुनी गोणपाटे, दोरखंडे आणि चिंध्या यांचे तुकडे करावयाचे, ते चुन्याच्या पाण्यात मुरवावयाचे, कुटावयाचे, वाहत्या पाण्यात धुवावयाचे आणि पुन्हा चुन्यात घालून पुन्हा कुटावयाचे. असे अनेक वेळा झाल्यावर जो मऊ लगदा हाती येई तो हौदातील पाण्यात कालवीत. काड्यांची बारीक चाळण त्यात बुडवून अलगद वर उचलली की तिच्यावर तंतूंचा पातळ थर जमे. तो ताव भिंतीवर वाळवावयाचा, त्याला खळ लावावयाची आणि शेवटी गुळगुळीत दगडाने किंवा शंखाने घोटावयाचा. असा घोटीव कागद बोरूला अडत नाही आणि शाईला फुटू देत नाही.

या खटाटोपात दोन गोष्टी नकळत साधल्या जात. वाखाचे तंतू लांब असतात. ते एकमेकांत गुंतून बसले की कागदाला वस्त्रासारखी चिवटाई येते. दुसरी गोष्ट चुन्याची. वारंवार चुन्यात मुरल्यामुळे त्याचा काही अंश कागदात राहून जाई आणि पुढे हवेतून किंवा हाताळण्यातून आम्लता आली तरी हा चुना तिचा जोर मारीत असे. कागदाचा सर्वांत मोठा वैरी म्हणजे आम्ल. ते तंतूंच्या लांब साखळ्या तोडत जाते आणि कागद प्रथम पिवळा, मग तांबूस आणि अखेरीस पापडासारखा ठिसूळ होतो. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील ऋग्वेदाच्या ज्या ३० हस्तलिखितांची युनेस्कोने २००७ साली जागतिक स्मृतिठेव्यात नोंद केली, त्यांत कागदावरील सर्वांत जुने हस्तलिखित १४६४ सालचे आहे. साडेपाचशे वर्षांपूर्वीचा हा कागद आजही वाचता येतो, यातच हातकागदाची योग्यता दिसून येते.

याउलट एकोणिसाव्या शतकात कागद स्वस्त झाला तो टिकाऊपणाचा बळी देऊन. १८०७ साली जर्मनीत तुरटी व राळ वापरून कागदाला पाणी न शोषण्याचा गुण देण्याची युक्ती निघाली. पुढे १८४०च्या दशकात लाकूड दळून लगदा करण्याची रीत आली. तुरटी आम्लधर्मी असते आणि दळलेल्या लाकडातील लिग्निन हे द्रव्य उजेडाने पिवळे पडते. वर्तमानपत्राचे जुने अंक उलगडताना तुकडे हाती येतात ते याच कारणाने. विष्णुशास्त्री चिपळूणकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७८ साली पुण्यात चित्रशाळा सुरू केली आणि तिच्या शिळाछापातील रामपंचायतन, नाना फडणवीस यांसारखी रंगीत चित्रे महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचली. स्वस्त छपाई नसती तर चित्रकला सामान्यांच्या भिंतीवर आलीच नसती. तरीही आज या छापांची अवस्था त्यांच्याहून शंभर वर्षांनी जुन्या हातकागदावरील लेखांपेक्षा कितीतरी नाजूक झालेली आढळते. कागदाच्या बाबतीत आजोबांच्या आधी नातू थकला, असा हा उलटा न्याय आहे.

तांबटाची चित्रे

कागदावरील चित्राचे भाग्य कागदाइतकेच जागेवरही अवलंबून असते. याचे एक बोलके उदाहरण पुण्याचेच आहे. सवाई माधवरावांच्या काळात इंग्रजांचा वकील सर चार्ल्स मॅलेट याच्या पदरी गंगाराम तांबट नावाचा एक मराठी चित्रकार होता. १७९० साली त्याने पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंडा रेखाटला, वेरूळच्या लेण्यांची चित्रे काढली आणि जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराबरोबर काम केले. त्याच्या नावातील ‘तांबट’ हा शब्द कसब्यातील आळीची आठवण करून देतो. आज त्याची पुष्कळशी चित्रे अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत. ती परदेशी आहेत याची खंत कोणाला वाटली तर ते स्वाभाविकच आहे. परंतु ती आहेत, ही गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. मोजका उजेड, स्थिर हवा आणि प्रशिक्षित हात यांच्या सोबतीत ती जपली गेली. त्याच काळातील किती चित्रे येथे वाळवीच्या, गळक्या छपराच्या किंवा रद्दीवाल्याच्या स्वाधीन झाली असतील याचा अंदाजही करता येत नाही.

जुन्या चित्रांतील एक रंग तर जणू स्वतःच्याच कागदावर उठतो. तांब्याला आंबवून काढलेला हिरवा रंग, म्हणजे जंगाल, जुने चित्रकार झाडे व वस्त्रे रंगवण्यासाठी सर्रास वापरीत. काही दशकांनी, विशेषतः दमट हवेत, त्यातील तांबे कागदाला आतून जाळू लागते. प्रथम मागच्या बाजूला तपकिरी डाग उमटतो, मग रंगाच्या कडेने चीर पडते आणि शेवटी हिरवा पदर तेवढाच गळून पडून चित्रात त्याच आकाराचे भोक राहते. काजळ आणि डिंक यांच्या काळ्या शाईचा स्वभाव याच्या नेमका उलट. ती उजेडाने उडत नाही, कागदाला खात नाही. पण पाण्याचा थेंब पडला की पसरते. म्हणजे एकाच पानावर एका द्रव्याला ओल नको, दुसऱ्याला उजेड नको आणि तिसऱ्याला क्षारही सोसत नाहीत. जतनतज्ज्ञाचे काम अवघड होते ते येथेच.

दुरुस्तीच्या टेबलावर

जीर्ण चित्र प्रयोगशाळेत आले की प्रथम त्याला कोणी हात लावीत नाही. त्याचे निरीक्षण होते. पुढून, मागून आणि एका बाजूने तिरपा उजेड टाकून छायाचित्रे घेतली जातात. कोठे फाटले आहे, कोठे बुरशी आहे, पूर्वी कोणी काय चिकटवले आहे, याची लेखी नोंद होते. रोग्याचा कागद तयार झाल्याखेरीज औषध नाही, हा दवाखान्यातील नियम येथेही आहे. त्यानंतर मऊ कुंचल्याने धूळ काढतात आणि रबराचा बारीक चुरा हलक्या हाताने फिरवून वरचा मळ उचलतात. ओले काम सुरू करण्यापूर्वी प्रत्येक रंगाची परीक्षा होते. एखाद्या कोपऱ्यात पाण्याचा सूक्ष्म थेंब ठेवावयाचा, टिपकागदाने टिपावयाचा आणि त्यावर रंग उतरला का ते पाहावयाचे. एक रंग जरी उतरला तरी सबंध चित्र पाण्यात घालण्याचा विचार सोडावा लागतो.

रंग पक्के निघाले तर चित्र स्वच्छ पाण्याने भिजवलेल्या टिपकागदांवर ठेवतात. कागदातील पिवळी आम्लद्रव्ये हळूहळू खालच्या टिपकागदात उतरतात आणि शंभर वर्षांचा काळवंडलेला ताव डोळ्यांदेखत उजळतो. पुढची पायरी राहिलेली आम्लता मारण्याची. तिच्यासाठी अनेकदा वापरले जाते ते म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइडचे पातळ द्रावण. या भारदस्त नावामागे आपली ओळखीची चुन्याची निवळीच आहे! कागदीपुऱ्याचे कारागीर कागद करताना जे त्याला देत होते तेच विसाव्या शतकातील रसायनशास्त्राने जीर्ण कागदाला औषध म्हणून परत दिले. अर्थात ही निवळी सर्वांना मानवत नाही. काही रंग क्षाराने पालटतात. म्हणून तेथेही आधी परीक्षा आणि मग उपचार.

फाटलेल्या जागा सांधण्यासाठी जपानी कागद वापरतात. तुतीच्या कुळातील कोझो झुडपाच्या सालीपासून केलेला हा कागद इतका पातळ असतो की चित्रावर ठेवला तर जवळजवळ दिसेनासा होतो, आणि त्याचे तंतू लांब असल्यामुळे तो जोरही धरतो. त्याची पट्टी कात्रीने कापीत नाहीत. पाण्याची रेघ ओढून ती हाताने फाडतात, म्हणजे कडेला तंतूंची झालर राहते आणि जोडाचा उंचवटा होत नाही. चिकटवण्यासाठी गव्हाच्या सत्त्वाची शिजवून गाळलेली खळ. दुकानात मिळणारा कोणताही आधुनिक डिंक येथे चालत नाही, कारण खळ पुढे केव्हाही थोड्या ओलाव्याने सोडवता येते. भोक पडलेल्या जागी त्याच जाडीचा व त्याच छटेचा कागद बसवतात. मग चित्र टिपकागदांच्या थरात वजनाखाली दिवसचे दिवस वाळत ठेवतात. तळहाताएवढ्या चित्राला आठवडे लागतात ते याच सावकाशीमुळे.

किती करावे, आणि कोठे थांबावे

या सर्व कामात हस्तकौशल्यापेक्षाही कठीण आहे तो संयम. आपल्याकडे जीर्णोद्धार या शब्दाचा अर्थ सामान्यतः ‘नवे करणे’ असा घेतला जातो. कसबा गणपतीच्या मूर्तीवर शेंदूर चढतो तो पूजेचा भाग म्हणून. पूजेची वस्तू नित्य नवी होत राहते आणि ते योग्यच आहे. कागदावरील चित्र किंवा लेख हा मात्र एका विशिष्ट काळाचा साक्षीदार असतो. साक्षीदाराच्या तोंडी आपले शब्द घालता येत नाहीत. म्हणून गळालेल्या जागी नाक, डोळा किंवा अक्षर स्वतःच्या कल्पनेने भरणे जतनतज्ज्ञ टाळतो. भरलेला तुकडा मूळ रंगाशी मिळताजुळता ठेवतो, म्हणजे दुरून डोळ्याला खटकू नये. पण जवळून पाहणाऱ्याला तो ओळखू येईल इतका फरकही ठेवतो. दुसरा नियम असा की, आज केलेले उद्याच्या अधिक जाणत्या माणसाला उलगडता आले पाहिजे.

हा नियम अनुभवाने शिकावा लागला. १९३० व ४०च्या दशकांत अमेरिकेत विल्यम बॅरो यांनी जीर्ण कागद सेल्युलोज ॲसिटेटच्या पारदर्शक पडद्यांत उष्णतेने बंद करण्याची पद्धत रूढ केली. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने महागड्या यंत्राशिवाय, ॲसिटोन वापरून, तेच काम हाताने करण्याची रीत बसवली आणि देशातील अनेक दफ्तरखान्यांत ती पोहोचली. त्या काळात लक्षावधी कागद फाटण्यापासून वाचले, हे विसरता कामा नये. पुढे मात्र असे आढळले की आम्लता आधी मारली नसेल तर ती पडद्याच्या आत आपले काम चालूच ठेवते, कालांतराने पडदाही खराब होतो आणि तो उतरवणे फार जिकिरीचे असते. म्हणूनच मौल्यवान चित्रांच्या बाबतीत तज्ज्ञ पुन्हा खळ आणि हातकागद यांच्याकडे वळले. दुकानात जन्मपत्रिका किंवा आजोबांची सनद लॅमिनेट करून घेणाऱ्या गृहस्थाने ही हकीकत अवश्य ध्यानात घ्यावी. तो कागद जपला जात नाही, कोंडला जातो.

दुसरा धडा पाण्याने दिला. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि मुठेचे पाणी नदीकाठच्या पेठांत शिरले. त्यात कसब्याचा नदीकडील भागही होता. माणसे आणि घरे सावरण्याच्या त्या घाईत भिजलेल्या पोथ्या, तसबिरी आणि हिशेबाच्या वह्या यांच्याकडे कोण पाहणार? उन्हात टाकलेले कागद आकसले, एकमेकांना चिकटले, बुरशीने गेले. पाच वर्षांनी, ४ नोव्हेंबर १९६६ रोजी, इटलीत आर्नो नदीच्या पुराने फ्लॉरेन्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात चिखल भरला. तेथे देशोदेशींचे विद्यार्थी आणि तज्ज्ञ धावून गेले आणि त्या धडपडीतून कागद-जतनाच्या आधुनिक शास्त्राला मोठी चालना मिळाली. एकेक ग्रंथ सुंदर करण्याआधी सर्वांचे प्राण वाचवा, हा त्यातला मुख्य बोध. आज भिजलेले कागद लगेच वाळवणे शक्य नसेल तर गोठवून ठेवतात, म्हणजे बुरशीला अवसर मिळत नाही. पूर दोन्ही शहरांत आला. एका शहराने त्यातून विद्या उभी केली, हा फरक पुण्याने मनाला लावून घेण्यासारखा आहे.

पुण्याचा कागद, संसदेची पेटी

तरीही पुण्याच्या कागदाची परंपरा अगदीच निपुत्रिक गेली असे नाही. महात्मा गांधींच्या ग्रामोद्योगाच्या प्रेरणेने के. बी. जोशी यांनी हातकागदाचा नव्याने अभ्यास केला आणि १९४० साली पुण्यात हातकागद संस्था उभी राहिली. भारतीय संविधानाची हिंदी प्रत वसंत कृष्ण वैद्य यांनी सुलेखनात उतरवली, ती पुण्यात तयार झालेल्या हातकागदावर. ही प्रत आज संसदेत ज्या पेटीत आहे ती पेटी म्हणजे जतनशास्त्राचा एक नमुनाच होय. अमेरिकेतील गेटी संस्था आणि दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा यांच्या सहकार्याने १९९४ साली सिद्ध झालेल्या या हवाबंद काचपेट्यांत प्राणवायूऐवजी नायट्रोजन भरलेला आहे आणि आर्द्रता मोजून राखलेली आहे. प्राणवायू नाही म्हणून रंग व तंतू यांचा ऱ्हास मंदावतो, आणि कीटकही जगू शकत नाहीत.

प्रत्येक कागदाला अशी पेटी देता येणार नाही आणि तशी आवश्यकताही नाही. पण राष्ट्राच्या घटनेला जी काळजी लाभली तिचा शतांश तरी घराघरांतील कागदांच्या वाट्याला यावा, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येईल काय? आज कसब्यातील जुने वाडे एकामागून एक उतरत आहेत. वाडा पाडताना सागवानी खांबांचा आणि दरवाजांचा भाव ठरतो. माळ्यावरील रुमालात बांधलेले कागद मात्र वजनावर जातात. त्यांत एखादे मोडी पत्र, एखादा नकाशा, एखाद्या अनाम चिताऱ्याचे कच्चे रेखाटन असेल. ते काय होते हे कळण्यापूर्वीच त्याचा लगदा झालेला असतो.

यावर उपाय आहेत आणि ते सगळेच खर्चिक नाहीत. घरच्यांनी सेलोटेप वापरू नये, कारण तिचा चिकटा काही वर्षांत कागदात मुरून कायमचा पिवळा डाग ठेवतो. चित्र बाहेरच्या ओलसर भिंतीवर किंवा उन्हासमोर टांगू नये. जलरंगाच्या चित्रांना संग्रहालयांत ५० लक्सहून अधिक उजेड देत नाहीत, यावरून उन्हाची दाहकता समजावी. कागदाच्या घड्या मोडून, स्वच्छ सुती रुमालात, जमिनीपासून उंच आणि हवेशीर जागी ठेवणे एवढ्यानेही पुष्कळ साधते. पूर्वी पोथीत वेखंडाचा तुकडा ठेवीत आणि पोथी ठरावीक काळाने उघडून पाहत. त्या उघडून पाहण्यातच निम्मे जतन होते.

संस्थांची जबाबदारी अर्थातच मोठी आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २००८ साली कलाजतन केंद्र सुरू केले. पुण्यातही भांडारकर संस्थेसारख्या ठिकाणी हस्तलिखितांच्या जतनाचे काम चालते. पण ही विद्या संस्थेच्या कुंपणाबाहेर, कसब्यातील सामान्य बिऱ्हाडापर्यंत कशी जाईल? महापालिकेने वाडा पाडण्याची परवानगी देताना आतील कागदपत्रे जाणत्या व्यक्तीला एकदा दाखवण्याची सोय करावी. महाविद्यालयांनी इतिहासाच्या व रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना या कामाचे प्राथमिक शिक्षण द्यावे. कोठे टेबल, कोठे टिपकागद आणि एखादा शिकवणारा मिळाला तर आरंभाला तेवढे पुरे. आणि दुरुस्तीसाठी लागणारा पातळ, लांब तंतूंचा, निराम्ल हातकागद जपानहून आणण्याऐवजी येथेच का होऊ नये, याचा विचार व्हावा. ज्या शहरात एक पुरा वस्ती करून कागद होत होता, तेथे हे अशक्य मानण्याचे कारण नाही. असा ताव पुण्यात पुन्हा तयार झाला आणि पुण्याच्याच एखाद्या फाटक्या चित्राला त्याचे ठिगळ लागले, तर कागदीपुऱ्याचे देणे काही अंशी तरी फिटेल.